कोरसमधली दुसरी

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट परवानगीशिवाय केली नाही. लग्न ठरल्यावर मला हरिपूरला फिरायला न्यायचं होतं, तर घरी येऊन, बसून, पाणी पिऊन माझ्या वडिलांना विचारलं. वडील हो म्हणाले तरी हे उठेनात. कुठल्या रस्त्यानं जाणार, किती वाजता परत आणणार, सगळं सांगून झाल्यावर मगच उठले. मला तेव्हा काय कौतुक वाटलं होतं! किती सज्जन माणूस मिळाला म्हणून मैत्रिणींना सांगत सुटले होते. आता त्या सज्जनपणावर बोलायला लागले तर मी तीन दिवस थांबणार नाही, आणि त्यातलं एकही वाक्य ऐकवण्यासारखं नसेल.

भरतेश मगदूम त्यांचं नाव. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात पस्तीस वर्षं नक्कल विभागात काढली. निकालाची, जबाबाची अधिकृत प्रत जिथं मिळते, तो नक्कल विभाग. तिथं अर्ज द्यायचा, कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि थांबायचं. मग एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचणार, दुसरा प्रतीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघणार, आणि शेवटी ‘खरी प्रत’ असा शिक्का बसणार. अर्जाशिवाय काढलेली प्रत ह्यांच्या लेखी चोरीची. आमच्या तरुणपणी सगळं गाव मोबाइलच्या दुकानात जाऊन कार्डात शंभर-शंभर गाणी भरून आणायचं. हा माणूस सीडी विकत आणायचा, आणि ती नाही मिळाली तर नुसतं गुणगुणत राहायचा, तेही बेसूर.

आमची एकुलती एक मुलगी ऋजुता. नावसुद्धा ह्यांनीच ठेवलेलं. बापाचा आवाज तिनं घेतला नाही एवढी देवाची कृपा. सहाव्या वर्षापासून गाणं शिकायची, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मी भाजी चिरत असताना गायची. कुठं चुकली की मी नुसतं वर बघायचे. मला गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण तिचं चुकलेलं कळायचं.

ती पंधरा वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, दोन्ही कान गेले. कानाच्या आत खोल शंखासारखी एक पोकळी असते. तापानंतर माझ्या त्या पोकळीत हाड भरत गेलं, त्यामुळे तेव्हा जी यंत्रं बसवायचे त्यांची तार आत सरकवायला जागाच उरली नाही. पुढची अकरा वर्षं आमच्या घरात मी बोलत होते आणि बाकीचे लिहीत होते.

ऋजुता त्यानंतर घरात गायची बंद झाली. रियाज मैत्रिणीकडे, अलमासकडे जाऊन करायची. मी एकदा खडसावून विचारलं, तर तिनं फोनवर लिहून दाखवलं, “तू समोर असलीस की तोंड उघडवत नाही आई.” मी रागावले, रडले, समजूत घातली. तिनं ऐकलं नाही.

२०३९ साली पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मराठी गाण्यांचा अल्बम काढला. त्यातल्या एका गाण्यात शेवटच्या कडव्याला दोन मुलींचा कोरस होता. पहिली अलमास, खालच्या सुरात, आणि दुसरी आमची, वरच्या. मध्ये चार मात्रा अशा होत्या की अलमास थांबते आणि ऋजुता एकटीच गाते. कोरसवाल्यांची नावंसुद्धा कुठं छापली नव्हती. पोरीला त्याचं काही नव्हतं. अल्बम निघाला त्या सकाळी तिनं स्वतःच्या खात्यावरून तो विकत घेतला, बाबांच्या फोनमध्ये घालून दिला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर आवाजाची रेघ सरकत होती. तीन मिनिटं बारा सेकंदांवर तिनं बोट ठेवलं आणि लिहिलं, “इथं मी एकटी.” मी ती थरथरणारी रेघ बघितली आणि छान आहे म्हणाले.

दहा महिन्यांनी पुण्याहून येताना कराडजवळ बसला अपघात झाला. तेवीस वर्षांची होती. ह्यावर मला याहून जास्त सांगता येत नाही.

त्यानंतर रोज सकाळी हे आंघोळ करून, मंदिरात जाऊन आले की गच्चीच्या दारात खुर्ची टाकून कानाला लावून ते गाणं ऐकायचे. मी आतून बघत असायचे. तीन मिनिटं बारा सेकंद कधी झाले ते मला त्यांच्या मानेवरून कळायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. खरं सांगते, काही काही दिवशी इतका राग यायचा की चहा समोर आदळून निघून जायचे. मुलगी दोघांची, आणि आवाज एकट्याला.

मग २०४३ मध्ये प्रकाशरोपण आलं. मिरजेच्या ज्या दवाखान्यात माझे कान गेले तिथंच ते बसवायला लागले. ह्यात कानाचं काहीच काम नाही. कानाकडून निघालेली वाट मेंदूत जिथं पहिला थांबा घेते, तिथं तांदळाच्या दाण्याएवढी एक पट्टी ठेवतात. पट्टीवर चार हजार बारीक दिवे असतात. तिथल्या पेशींना आधी औषध देऊन उजेडाला जाग्या होतील अशा करून ठेवलेलं असतं. बाहेर कानामागं डबी. डबी आवाज पकडते, त्यातला प्रत्येक स्वर कुठल्या दिव्याचा ते ठरवते, दिवा लागतो आणि माणसाला ऐकू येतं. कुठला दिवा कुठल्या स्वराचा हे मात्र प्रत्येकाच्या मेंदूत वेगळं. त्यामुळे आधी दोन-तीन महिने बसून त्या माणसाचा नकाशा काढावा लागतो.

माझा नकाशा शलाका देवमानेनं काढला. तिथली श्रवणतज्ज्ञ, पस्तिशीची, गोड पोरगी. ज्या दिवशी डबी पहिल्यांदा नीट चालली त्या दिवशी हे समोर बसून म्हणाले, ऐकू येतंय का? मी म्हणाले, तुमचा आवाज म्हातारा झालाय. शलाका हसली, हे रडले.

ऋजुताचे घरचे व्हिडिओ होते. वाढदिवस, सहल, उगीच काढलेले. ते आमचेच, म्हणून शलाकानं लगेच माझ्यासाठी तयार करून दिले. पंधरा वर्षांची मुलगी माझ्या कानात राहिली होती, ती अचानक बावीस वर्षांची होऊन बोलायला लागली. आवाज जरा घोगरा झाला होता. “आई, बाबांनी परत पावती फाईलला लावली बघ,” म्हणून हसत होती. मी तो व्हिडिओ किती वेळा लावला विचारू नका. पण गाताना एकही नव्हता. घरात गायचीच नाही तर येणार कुठून?

गाणं होतं ते फक्त त्या फाईलमध्ये. घरी येऊन मी ते डबी लावूनच ऐकलं आणि पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तडक मिरज गाठली.

शलाकानं समजावलं. डबीला आवाज आला की क्षणात दिवे लावावे लागतात, नाहीतर समोरच्याचे ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील. एवढ्या घाईत ती जो आवाज ठळक असेल तो उचलते, बाकी सोडून देते. एका माणसाच्या बोलण्याला ते पुरतं. गाण्यात एकट्या गळ्याचेही बारीक हेलकावे गळून जातात, आणि दोन गळे एकत्र आले की सगळा काला होतो. त्यासाठी अख्खं गाणं संगणकाला द्यायचं. तो ते पुढून मागून वाचतो, प्रत्येक गळा, प्रत्येक वाद्य सुटं करतो आणि माझ्या नकाशावर मांडतो. साडेचार मिनिटांच्या गाण्याला सात तास लागतात. तयार होते ती फाईल माझ्या मेंदूखेरीज जगात कुणाच्याही उपयोगाची नाही. दुसऱ्या रोपणवाल्याला दिली तरी त्याला नुसती खरखर ऐकू येणार.

एवढं सांगून ती थांबली आणि म्हणाली, फक्त कायद्याचं बघावं लागेल. दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला होता. गाणं विकत घेतलं म्हणजे ज्या स्वरूपात घेतलं त्या स्वरूपात ऐकायचा हक्क घेतला. दुसऱ्या स्वरूपात बदलायचं तर ती नवी प्रत, आणि तिला मालकाचा रूपांतर परवाना पाहिजे. बहिऱ्या माणसांना सूट होती, पण ती बातम्या, भाषणं आणि शाळेच्या धड्यांना. गाणं मनोरंजनात धरलेलं, म्हणून त्या सवलतीच्या बाहेर. मला हसूच आलं. मी म्हणाले, जी प्रत दुसऱ्या कुणाला ऐकताच येत नाही ती चोरून मी करणार काय?

शलाकानं दार लोटून घेतलं. यंत्र सुरू करताना पडद्यावर एकच प्रश्न येतो, परवाना आहे का. तिथं ‘आहे’ म्हटलं की झालं. कुणी तपासत नाही, सगळे असंच करतात, गाणं तुमच्या फोनमध्ये आहे, काका, फोन द्या, उद्या सकाळी काकूंना ऐकवते, असं तिनं सांगितलं.

ह्यांनी फोन खिशात ठेवला. म्हणाले, अर्ज कुठं करायचा असतो?

मी काय करायला हवं होतं ते मला आज पक्कं माहीत आहे. फोन हिसकावून तिच्या हातात द्यायला हवा होता. पण मी तशी वागले नाही. अकरा वर्षं काढली, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, असं मीच म्हणाले. मनातून मला बरंसुद्धा वाटलं. तिचं गाणं चोरून ऐकायला नको, रीतसर, उजळ माथ्यानं ऐकू, असं काहीतरी डोक्यात होतं. इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर राहून मलाही त्याची सवय लागली असणार.

घरी येऊन हे चष्मा पुसून बसले. छोटी कंपनी मधल्या काळात एका मोठ्या कंपनीनं घेतली होती, तिच्या संकेतस्थळावर अर्ज होता. अर्जदाराचं नाव, आजार, डॉक्टरांचा दाखला. मग खरेदी कुणाच्या नावावर? इथं ऋजुताचं नाव लिहावं लागलं. पुढं खरेदीदाराशी नातं, आणि शेवटी एक रकाना, खरेदीदाराची सद्यस्थिती. त्याच्यापुढं ‘ऐच्छिक’ असं स्पष्ट छापलेलं होतं. मोकळा सोडला असता तरी अर्ज गेला असता. पण मोकळा रकाना दिसला की नक्कल विभागात अर्ज परत जायचा, पस्तीस वर्षं ह्यांनी स्वतःच्या हातानं ते परत पाठवलेले. ह्यांनी लिहिलं, ‘मयत’. आणि लिहिलं म्हणजे पुरावा जोडायला हवा.

मृत्यूचा दाखला कपाटातून काढला, त्याची प्रत काढली. मग मला म्हणाले, मूळ तू वाच, मी ताडतो. आणि मी वाचला. नाव, वय, आईचं नाव, ठिकाण, तारीख, वेळ. मोठ्यानं, सावकाश. ह्यांचं बोट प्रतीवरून सरकत होतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. अगदी नम्र भाषा होती. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खरेदीचा हक्क व्यक्तिगत असतो आणि खरेदीदाराच्या निधनाबरोबर संपतो. आपण कळवल्याप्रमाणे नोंद अद्ययावत केली आहे. सदर अल्बमबाबत संगीतकाराशी वाद न्यायप्रविष्ट असल्यामुळे तो विक्रीतून काढलेला आहे, सबब नव्यानं खरेदी करता येणार नाही.

ह्यांनी फोन उघडला. गाण्याचं नाव होतं, पण फिकट. त्यांनी दाबलं. परत दाबलं. फोन बंद करून चालू केला आणि परत दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. मला दया यायला हवी होती. माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली.

“तुम्ही तिला दुसऱ्यांदा घालवलंत,” मी म्हणाले.

म्हणाले खरं. ते परत घेता येत नाही. मग मी डबी काढून टेबलावर ठेवली आणि तीन आठवडे लावली नाही. हे काही बोलायचे, मी ओठांकडेसुद्धा बघायचे नाही.

तेवढ्या दिवसांत त्यांनी काय काय केलं ते मला नंतर कळलं. कंपनीला सात पत्रं लिहिली. ग्राहक मंचात गेले, तिथं सांगितलं की नियम असाच आहे. तो अल्बम कुणी विकत घेतलाय का म्हणून जिथं तिथं विचारलं. कुणी नव्हतं. गाणी विकत घेणारी माणसंच उरली नव्हती, सगळे महिन्याच्या भाड्यानं ऐकतात, आणि विक्रीतून काढलं की भाड्याचंही जातं. शेवटी कोल्हापूरला अलमासच्या शाळेत जाऊन उभे राहिले. ती तिथं गाणं शिकवते. तिच्याकडेसुद्धा नव्हतं. पण काकांची अवस्था बघून ती म्हणाली, मी येते, मी गाते काकूंसाठी.

अलमास घरी आली तेव्हा मला डबी लावावीच लागली. पोरगी दारात उभी राहून रडत होती. मी तिला आत घेतलं, जेवायला वाढलं. ऋजुतापेक्षा एका वर्षानं मोठी, केसात एक पांढरी बट आली होती. आमची आता कशी दिसली असती, हा विचार मी फार करत नाही, पण त्या दिवशी केला.

दुसऱ्या दिवशी तिघं मिरजेला गेलो. शलाकानं अलमासला बंद खोलीत बसवून शेवटचं कडवं गाऊन घेतलं. साज काही नव्हता, फक्त तिचा गळा. मग यंत्रावर घालताना शलाका घुटमळली. गळा अलमासचा असला तरी शब्द आणि चाल कंपनीच्याच, म्हणजे परवाना ह्यालाही लागतोच. पडद्यावर तो प्रश्न आला होता. तिनं ह्यांच्याकडे बघून हळूच विचारलं, “काका, परवाना?”

“आहे,” हे म्हणाले, आणि हात पुढं करून स्वतः बोट टेकवलं.

बासष्ट वर्षांचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढंच जर त्या दिवशी म्हणाला असतात हो, असं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, कारण हे माझ्या आधी तेच म्हणत असणार, रोज, मनातल्या मनात.

अलमास रात्री आमच्याकडेच राहिली. सकाळी परत गेलो, शलाकानं फाईल डबीत घातली आणि मी डोळे मिटले.

अकरा वर्षांनी मी गाणं ऐकलं. काय सांगू! श्वास घेतलेला कळत होता, शब्द सोडताना सुराला बारीक हेलकावा दिलेला कळत होता. अलमासचा आवाज भरदार, तयार, जमिनीवर पाय रोवून उभा असलेला. मी हात जोडले. मग ती ओळ आली, तिच्यात अलमास मध्येच थांबली. पुढं काहीच नव्हतं. चार मात्रांची शांतता, आणि मग तिनं पुन्हा सूर धरला. शलाकाचं यंत्र इतकं चांगलं होतं की त्या शांततेत मला अलमासला बसवलं होतं त्या खोलीतला पंखासुद्धा ऐकू आला.

मी डोळे उघडले आणि अलमासला विचारलं, बाळा, मध्ये सोडलंस का? तेवढं तूच म्हण की. कसं होतं ते तरी कळेल मला.

तिनं मान खाली घातली. ओठ हलवून बघितले, गुणगुणून बघितलं, दोनदा सुरुवात केली आणि सोडली.

“मला तिचा भाग येत नाही काकू,” ती म्हणाली. “मी कधी शिकलेच नाही. ती होती ना.”

शलाका उठून खिडकीशी गेली. मी शेजारी हात केला आणि ह्यांना म्हणाले, तुम्ही तीन वर्षं रोज ऐकलंय, तुम्हाला तरी येत असेल. त्यांनी मान हलवली. गळ्यात सूर असता तर त्यांनी तो कधीच काढून दिला असता, हे मलाही माहीत होतं.

“तिथपासून लाव,” ह्यांनी शलाकाला सांगितलं.

तिनं लावलं. अलमास गात गेली आणि त्या जागी थांबली. ह्यांनी माझ्यासमोर हात धरला होता. पहिल्या मात्रेला तो हात थोडा उचलला, दुसऱ्या मात्रेला आणखी वर गेला, तिसरीला तिथंच थरथरत राहिला आणि चौथीला हळूहळू खाली, माझ्या मांडीवर आला. मग अलमासचा आवाज पुढं सुरू झाला.

मी म्हणाले, अहो, परत एकदा दाखवा.